नळी नको, गोळी हवी

"नळी मी घालून घेणार नाही," मिस्त्री म्हणाले आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचं पेपरवेट उचलून उगाच फिरवत बसले. "दुसरं काय असेल ते सांगा."

खरं तर मिस्त्रींच्या तोंडी हे वाक्य मुळीच शोभत नव्हतं. गेली तीस वर्षं हा माणूस लोकांच्या तुंबलेल्या पाइपांत नळ्याच घालत आला होता. तीस मीटरची केबल, तिच्या टोकाला बोटाएवढा कॅमेरा, कॅमेऱ्याभोवती बारके दिवे आणि पुढे एक आकडा. कुठल्या बेंडला काय अडकलंय ते घरमालकाला पडद्यावर दाखवायचं आणि आकड्यानं ओढून बाहेर काढायचं, हा त्यांचा धंदा. आणि नेमकी तीच अडचण होती. बाकीचे पेशंट नळीला घाबरतात ते निदान अंदाजानं घाबरतात. मिस्त्रींना सगळा तपशील पाठ होता. बेंडला केबल कशी अडते, मग ती कशी पिळायची, तरीही नाही गेली तर भिंतीला पाय टेकून कसा दणका द्यायचा, हे आठवलं की खुर्चीत बसल्याबसल्या त्यांच्या अंगावर काटा येई.

दोन महिन्यांपासून मिस्त्रींना तीन जिने चढताना धाप लागत होती. तपासलं तर अंगात रक्त कमी, आणि ते आतड्यातून कुठेतरी झिरपतंय असा संशय. मिस्त्रींचे वडील छप्पन्नाव्या वर्षी पोटाच्याच दुखण्यानं गेले होते. मिस्त्रींना परवाच छप्पन्नावं लागलं होतं. हा हिशेब ते कोणाजवळ बोलले नव्हते. बायकोनं तो केव्हाच केला होता, पण तीही बोलली नव्हती. दोघं नुसतीच एकमेकांना "जेवलात का?" "तू जेवलीस का?" असं पूर्वीपेक्षा जास्त विचारत होती.

डॉक्टरीणबाई समजावून सांगायला कंटाळणाऱ्यातल्या नव्हत्या. "हे बघा मिस्त्री, नळीचं काम अर्ध्या तासाचं. झोपेचं इंजेक्शन देते, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आत एखादी गाठ दिसली तर तिथल्या तिथे कापून काढता येते. दुसरी ही गोळी. हिच्यात कॅमेरा असतो. गिळायची, घरी जायचं, ती आपली फोटो काढत काढत दिवसभरात बाहेर पडते. ना इंजेक्शन, ना नळी."

"मग हीच द्या की!"

"पूर्ण ऐका. गोळी नुसती बघते. काही सापडलं तर काढायला शेवटी नळीच लागते. आणि पोट साफ करायचं औषध दोन्हीला घ्यावं लागतं. गोळीला जरा जास्तच."

"अहो, एकदाच काय ती नळी घालून मोकळे व्हा ना," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली. "बायका पोरं जन्माला घालतात. तुम्हाला अर्धा तास झोपायचंय, त्याचं केवढं अवडंबर! मी असते तर आत्ताच्या आत्ता जाऊन झोपले असते."

"तू गप्प बस. पाइप माझा आहे," मिस्त्री म्हणाले, आणि गोळी ठरली.

रविवारी सकाळी आठ वाजता दवाखान्यात नर्सबाईंनी मिस्त्रींच्या पोटाला चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या तारा कमरेच्या पट्ट्यावरच्या यंत्राला जोडल्या आणि गोळी तळहातावर ठेवली. मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. द्राक्षाएवढ्या गोळीत दोन्ही टोकांना कॅमेरे आणि दिवे! नर्सबाई सांगत होत्या, "फोटो सगळे या पट्ट्यावरच्या यंत्रात येतात, तेव्हा यंत्र जपा. गोळी बाहेर पडली की खुशाल फ्लश करा, परत आणू नका." मिस्त्रींच्या कानांवर त्यातलं अक्षर पडेल तर शपथ. ते विचारत होते, "आणि हिची बॅटरी कुठे बसवलीय हो?" बायको त्या वेळी बाहेर फॉर्म भरत होती. म्हणजे ऐकणारं कोणीच नव्हतं.

मिस्त्री घरी आले, खुर्चीत बसले आणि पोटाला हात लावून वाट बघू लागले. पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. अकरा वाजता यंत्रानं पिप् पिप् केलं, म्हणजे औषधाचा पुढचा डोस घ्यायचा. तो घेतल्यावर थोड्याच वेळात पोटात असा काही गडगडाट सुरू झाला की मिस्त्रींना खुर्ची आणि संडास यांच्यामधलं सात पावलांचं अंतरसुद्धा लांबचं वाटायला लागलं. त्यातल्याच एका घाईत खाली 'टक्' असा आवाज आला. मिस्त्रींनी तीस वर्षांच्या सवयीनं फ्लश ओढला, पाणी गेलं, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, गेली!" ते संडासातूनच ओरडले.

"कोण गेली?"

"गोळी! फोटो सगळे तिच्यातच! माझ्या कॅमेऱ्यात कार्ड कुठे असतं? कॅमेऱ्यातच ना? मग हिच्यातही तसंच असणार. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून, पुन्हा तो डोस!"

"अहो, आधी दवाखान्यात फोन करून विचारा तरी."

"तू कर फोन. तोवर गोळी मोठ्या गटाराला लागली तर डॉक्टरीणबाई तिथे उतरणार आहेत का?"

बायको फोन लावत बसली. तो काही केल्या लागेना. मिस्त्री मात्र खाली पोचलेसुद्धा. दोन महिने ज्या माणसाला जिना चढवत नव्हता तो जिना उतरताना असा सुटला की पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी दार उघडून पाहिलं. अंगणातल्या चेंबरचं झाकण उचलून मिस्त्रींनी पाइपाच्या तोंडाला जाळी बांधली आणि वर तोंड करून आरोळी ठोकली, "कोणीही पाणी सोडू नका! संडास, बाथरूम, मोरी, सगळं बंद! माझ्या पोटाचे फोटो लाइनमध्ये आहेत!"

चार मजल्यांच्या खिडक्या पटापट उघडल्या. रविवारची दुपार, सगळे घरी. कोणाच्या डोक्याला साबण, कोणाची भांडी अर्धवट घासलेली. पण मिस्त्रींच्या आजाराची कुणकुण सगळ्यांनाच होती आणि प्रत्येकाच्या घरचा पाइप मिस्त्रींनी कधी ना कधी मोकळा केलेला होता. त्यामुळे कुरकुर करण्याऐवजी अर्धी बिल्डिंग खालीच उतरली.

सेक्रेटरी तेवढे नाराज दिसले. ते एरवीही नाराजच दिसत. 'संडासात कोणतीही वस्तू टाकू नये' अशी लाल अक्षरांतली पाटी त्यांनीच जिन्यात लावली होती. "मिस्त्री, नियम म्हणजे नियम. तुम्हीच लाइनमध्ये वस्तू टाकायला लागलात तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

"साहेब, टाकली नाही, पडली. शोधू द्या, मग काय बोलायचं ते बोला."

मिस्त्रींनी केबल काढली, पाइपात सरकवायला सुरुवात केली, आणि बरोबर त्याच क्षणी पोटातून पुन्हा गडगडाट झाला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. सगळ्या बिल्डिंगचे संडास ज्यांनी बंद केले होते, त्यांनाच बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त गरज होती!

ते तडक कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाकडे पळाले. पंपावरच्या माणसानं शर्टाखालून लोंबणाऱ्या तारा आणि लुकलुकणारा दिवा बघितला आणि दोन पावलं मागे सरकला. "काका, हे काय बांधलंय? इथं मोबाईलसुद्धा चालत नाही!"

"अहो, पोटाचा कॅमेरा आहे. संडास कुठाय?"

"कॅमेरा घेऊन संडासात? मुळीच नाही!"

समजावून सांगण्याइतका वेळ मिस्त्रींजवळ नव्हता. ते तसेच उलट पळत आले. तळमजल्यावरच्या टेलरबाईंना दया आली. "माझा संडास मागच्या लाइनवर आहे ना हो? मग जा की इथे!" मिस्त्रींनी कृतज्ञतेनं हात जोडले आणि ते जोडलेले हात तसेच ठेवून आत धावले. टेलरबाईंकडे माप द्यायला तीन गिऱ्हाइकं बसली होती. पुढच्या तासाभरात त्यांनी मिस्त्रींना चार वेळा आत जाताना पाहिलं. चौथ्या वेळी त्या बायकांनी न सांगता गुडघे बाजूला घेऊन वाट करून दिली.

मधल्या मधल्या वेळात शोध चालू होता. पडद्याभोवती ही गर्दी जमली. केबल वर सरकत होती, पडद्यावर पाइपाच्या काळ्या भिंती सरकत होत्या, आणि मिस्त्री पोट धरून समजावत होते, "हा पहिला बेंड... इथे जोड आहे... थांबा! काहीतरी दिसतंय!"

पहिल्या मजल्याच्या बेंडला काहीतरी उभं अडकलं होतं. मिस्त्रींनी आकडा अडकवला, केबल अलगद मागे घेतली आणि बाहेर आला बुद्धिबळातला काळा वजीर.

"अगं बाई!" सेक्रेटरींची बायको पुढे आली. "हा तर आमचा! गेल्या महिन्यात हरवला होता."

"उंदरानं नेला असेल," सेक्रेटरी म्हणाले.

मिस्त्रींनी केबल परत घातली. दुसरा वजीर निघाला. मग तिसरा. सेक्रेटरी हळूहळू गर्दीच्या मागच्या बाजूला सरकू लागले होते, पण त्यांच्या बायकोचं तिकडेच लक्ष होतं.

"इकडे या. मी काळी घेऊन खेळते. मी जिंकत आले की दर वेळी तुमच्या पोटात कळ येते आणि तुम्ही पट ओलांडून संडासात पळता. आल्यावर म्हणता, वजीर सापडत नाही, डाव रद्द! आणि मी दर वेळी नवा वजीर आणते. ही ती कळ होय?"

"तिन्ही वेळा माझीच बाजू वरचढ होती," सेक्रेटरी पुटपुटले.

"मग माझा वजीर पोहायला का पाठवलात?"

अंगणात असा हशा उसळला की मिस्त्रींनाही हसू आवरेना. आणि त्या दिवशी हसणं मिस्त्रींना परवडणारं नव्हतं. ते पाचव्यांदा टेलरबाईंकडे धावले.

परत आले तेव्हा चेंबरजवळ आरडाओरडा चालला होता. जाळीत काहीतरी सापडलं होतं. पांढरं, गुळगुळीत, चकाकणारं! सेक्रेटरींनी, झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून, स्वतः चिमट्यानं ते उचललं, बादलीत धुतलं आणि मिस्त्रींपुढे धरलं. मिस्त्रींचे डोळे भरून आले. काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

टेलरबाईंनी चष्मा वर केला. "अहो, हे तर बटण आहे. तुमच्याच शर्टाचं. मीच लावलं होतं, आणि पक्कं लावलं होतं. तुम्ही ओढलंत कशाला एवढं?"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. शर्टाचं शेवटचं बटण जागेवर नव्हतं. 'टक्' आवाज कसला होता ते आता सगळ्यांनाच कळलं. टाळ्या थांबल्या. मिस्त्री चेंबरच्या कडेला मटकन बसले. तहानभूक हरपून दोन तास धावपळ केली ती या बटणासाठी! त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं, आणि वडिलांचा शेवटच्या महिन्यातला चेहरा डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला. "अहो, लागला फोन! नर्सबाई विचारतायत, पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय का?"

"लुकलुकतोय!"

बायको आत काहीतरी बोलली आणि पुन्हा डोकावली. तिचा चेहरा हसू दाबून लालबुंद झाला होता. "गोळी बाहेर पडली की दिवा विझतो म्हणे. लुकलुकतोय म्हणजे गोळी तुमच्या पोटातच आहे. आणि फोटो गोळीत नसतात, ते त्या पट्ट्यात येतात!"

मग सगळी बिल्डिंग एकदमच मिस्त्रींच्या पोटाकडे बघायला लागली.

"म्हणजे आम्ही अंघोळी करू शकतो का?" दुसऱ्या मजल्यावरून साबण लावलेल्या एकानं विचारलं.

दिवा संध्याकाळी सहाला, मिस्त्रींच्या स्वतःच्याच घरी विझला. नर्सबाईंनी फ्लश करायला सांगितलं होतं, बायकोनंही चारदा बजावलं. पण ज्यानं जन्मभर लोकांना 'पाण्याशिवाय काही सोडू नका' म्हणून झापलं त्याचा हात फ्लशकडे जाईना. दुसऱ्या दिवशी पट्ट्याबरोबर त्यांनी स्वच्छ धुतलेली गोळी एका बरणीत घालून नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली. "हे आम्ही परत घेत नाही हो," नर्सबाई खुर्ची मागे घेत म्हणाल्या.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवले. बहुतेक सगळे छान होते. एका ठिकाणी मात्र वळणाच्या आत वाटाण्याएवढा फुगवटा होता आणि त्याला लालसर डाग होता.

"रक्त इथूनच जात असणार," त्या म्हणाल्या. "हा साधाही असेल, नसेलही. काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. गोळीनं तिचं काम चोख केलं. पण गोळीला हात नाहीत."

बायकोनं मिस्त्रींचा हात घट्ट धरला. ती आता चेष्टा करण्याच्या मनःस्थितीत नव्हती. मिस्त्रींनी फोटो जवळ ओढला. अडकलेली वस्तू नुसती दाखवून पैसे मागणाऱ्या प्लंबरला आपण काय म्हटलं असतं, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"तुमच्या नळीला पुढे आकडा असतो का?" त्यांनी विचारलं.

"तारेचा फास असतो."

"बेंडला जोर लावता?"

"मुळीच नाही. हवा सोडतो, वाट मोकळी करतो, मग हळूच पुढे."

"हवा!" मिस्त्रींचे डोळे चमकले. "हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. घाला नळी. पण झोपेचं इंजेक्शन नको, मला पडदा दिसला पाहिजे."

ठरल्या दिवशी बायको बाहेरच्या बाकावर मिस्त्रींचा चष्मा, घड्याळ आणि चपला मांडीवर घेऊन बसली होती. चपला खाली ठेवता येतात हेही तिला सुचलं नाही. पाच मिनिटांनी आतून मिस्त्रींचा आवाज आला. ती धसकली. मग नीट ऐकू आलं.

"वा, वा, वा! काय स्वच्छ लाइन आहे! छप्पन्नावं वर्ष चालू, पण कुठे गंज नाही! जरा डावीकडे घ्या. पिळू नका, पिळू नका!"

"मिस्त्री, मी हे काम पंधरा वर्षं करतेय."

"तरी पण. आई गं! नाही, नाही, तुम्ही चालू द्या. हा आला बघा बेंड! तो बघा, तो बघा बसलाय! घाला फास!"

अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई घाम पुसत बाहेर आल्या. "गाठ पूर्ण निघाली. पण ते उठायला तयार नाहीत. येताना एका वळणावर मी घाई केली म्हणतायत, तेवढं पुन्हा दाखवा म्हणून हटून बसलेत."

आठवड्यानं तपासणीचा कागद आला. बायकोनं तो दोन्ही हातांनी धरला होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तो अलगद काढून घेतला आणि वाचला. "साधी गाठ. वाईट काहीही नाही. तशीच राहिली असती तर पुढे दहा वर्षांनी त्रास दिला असता. आता ती नाहीच. रक्त भरून येईल, जिने चढा खुशाल."

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला आणि तो स्वतःच्या डोळ्यांना लावायचा का बायकोच्या, हे न ठरल्यामुळे दोघांनी मिळून वापरला. छप्पन्नावं वर्ष आता नुसतं छप्पन्नावं वर्ष झालं होतं. मिस्त्रींना एकदम सपाटून भूक लागली, आणि आनंदाच्या भरात ते डॉक्टरीणबाईंच्या बेसिनचा गळका नळ फुकट दुरुस्त करून द्यायला निघाले.

"तो नळ राहू द्या," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या आणि बायकोकडे वळल्या. "वहिनी, तुमचं वय काय?"

"त्रेपन्न. का हो?"

"पन्नाशीनंतर एकदा सगळ्यांनीच बघून घ्यावं. तुम्हाला काही त्रास नाही, पण बघून घेतलेलं बरं. पुढच्या मंगळवारी सकाळी नळी मोकळी आहे. नाव लिहू?"

मिस्त्री पाना हातात घेऊन बेसिनपाशी थबकले. बायकोनं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग खुर्ची डॉक्टरीणबाईंच्या जवळ सरकवली, नवऱ्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात बोलायचा प्रयत्न केला आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं विचारलं,

"डॉक्टर, ती गोळी आहे का हो अजून?"